चावीचं कार्ड का मरतं: गोव्यातल्या मांद्र्याच्या गेस्ट हाउसमधल्या प्रकल्प नोंदी

१२ जून २०२५

आमच्या दारांना जुनी कुलपं आहेत. कार्ड खाचेत घालायचं, बाहेर ओढायचं, हिरवा दिवा लागला की दार उघडतं. कार्डाच्या पाठीवर तपकिरी चुंबकीय पट्टी असते. गेल्या हंगामात पाहुण्यांनी सगळ्यात जास्त तक्रार केली ती या कार्डांची. माणूस मध्यरात्री शॅकवरून परत येतो, पायाला रेती, हातात चपला, आणि दारावर लाल दिवा. मग खाली येऊन रात्रपाळीच्या पोराला उठवायचं. खोल्या आवरणाऱ्या मावशीचा सकाळचा पहिला निरोप ठरलेला: "चावी चलना म्हणटा."

तेच कार्ड रिसेप्शनच्या यंत्रात घालून पुन्हा लिहिलं की लगेच चालतं. म्हणजे प्लास्टिक धड, पट्टी धड, फक्त तिच्यावरचं लिखाण गेलेलं. शेटना वाटतं कार्डं हलक्या प्रतीची आहेत. पोरं म्हणतात मोबाइलचं रेडिएशन. आता पाऊस लागलाय, निम्म्याहून जास्त खोल्या रिकाम्या आहेत, ऑक्टोबरपर्यंत वेळ आहे. या किनारपट्टीवर अशी कुलपं असलेली घरं अजून पुष्कळ आहेत, त्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहून ठेवतोय.

१६ जून

आधी रेडिएशनचा निकाल लावला. नव्याने लिहिलेलं कार्ड साध्या फोनच्या पाठीला मधोमध रबराने बांधलं, फोनवरून लांबलचक कॉल केला, मग रात्रभर चार्जिंगला ठेवला. कार्ड शाबूत. दुसरं कार्ड त्याच फोनच्या खालच्या टोकावर, स्पीकरच्या जाळीवर घासलं, फोन चक्क बंद असताना. यंत्राने ते एकदा वाचलं, पुढच्या वेळी नाकारलं.

रेडिओ लहरी पट्टीला काही करत नाहीत. करतो तो स्पीकरमधला चुंबक, आणि फोन बंद असला तरी तो आत असतोच. मग ज्या फोनांच्या पाठीला चुंबकाचं कडं असतं, त्यांचं काय? आयफोनमध्ये ते २०२० च्या १२ मालिकेपासून आलं. आता कुठल्याही फोनला बसणारी कडंवाली कव्हरं म्हापशात रस्त्यावर मिळतात. आमच्या पाहुण्यांपैकी कितीतरी जण चावीचं कार्ड फोनच्या कव्हरात सरकवतात, तेच सोयीचं पडतं.

२० जून, शुक्रवार

म्हापशाच्या बाजारातून सामान आणलं: कडंवालं कव्हर, चुंबकाचं बटण असलेली बायकांची पर्स, फ्रिजवर लावायचे गोव्याचे चुंबक (नारळाचं झाड, होडी, चर्च, सगळं रबरी), जुन्या स्पीकरमधला काळा फेराइट चुंबक आणि निओडिमियम या फार जोरदार चुंबकाचे दोन चौकोनी ठोकळे. एकूण ₹९०० च्या आसपास.

निओडिमियम हाताळताना जपा. संध्याकाळी दोन्ही ठोकळे टेबलावर वीतभर अंतरावर ठेवले होते, एक सरकवताना दुसरा उडून आला आणि एकाचा कोपरा तुटला. मध्ये बोट असतं तर रक्त आलं असतं. वरचा निकेलचा मुलामा एकदा फुटला की आतला भाग आपल्याकडच्या खाऱ्या हवेत झपाट्याने गंजतो. (नंतरची भर: आठवडाभरात त्या कोपऱ्यातून करडी पूड पडायला लागली.) धड राहिलेला ठोकळा आता प्लास्टिकच्या डबीत कापूस घालून ठेवतो, आणि डबी वर्कशॉपच्या पलीकडच्या कपाटात.

२७ जून

पट्टीवरचं लिखाण डोळ्यांनी बघायचं होतं. लिखाण म्हणजे पट्टीवर ओळीने बसवलेले बारीक बारीक चुंबक. त्यांच्यावर लोखंडाची बारीक पूड टाकली की ती सांध्यांवर चिकटते आणि रेघा उमटतात. पूड कुठून आणायची? किनाऱ्यावरच्या रेतीत काळे पट्टे असतात, त्यातले बरेच कण मॅग्नेटाइटचे. प्लास्टिकच्या पिशवीत चुंबक घालून ओल्या रेतीवरून फिरवला की पिशवीला काळी दाढी येते, आणि चुंबक बाहेर काढला की सगळं खाली पडतं. फुकटचा माल.

पहिला प्रयत्न फसला. कण जाड होते, कार्डावर टाकले की घरंगळून जायचे. बँकेच्या कार्डावर मधल्या ट्रॅकमध्ये, म्हणजे लिखाणाच्या मधल्या ओळीत, इंचाला ७५ बिट असतात, म्हणजे एका बिटाला मिलिमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा. किनाऱ्यावरचा कण तिथे बसणार कसा? मग रेती खलात घालून कुटत बसलो, मलमलच्या फडक्यातून गाळली, गाळलेली पुन्हा कुटली. दुपार त्यातच गेली. ती पूड सर्जिकल स्पिरिटमध्ये कालवली, एक थेंब पट्टीवर सोडला आणि स्पिरिट उडून जाऊ दिलं.

मग भिंग लावलं. पट्टीच्या मधोमध बारीक उभ्या काळ्या रेघांची रांग उमटली होती, कुठे दाट, कुठे विरळ. दाट तिथे एक, विरळ तिथे शून्य. मावशीलाही बोलावून दाखवलं, ती बराच वेळ भिंगातून डोळा काढेना.

एक सूचना मनावर घ्या. बँकेच्या कार्डावर दिसणाऱ्या या रेघा म्हणजे तुमचा कार्ड नंबर आणि मुदतीची तारीखच असते. त्यांचा फोटो काढून कुणाला पाठवू नका. मी मुदत संपलेली स्वतःची कार्डं वापरली, आणि काम झाल्यावर पट्टीसकट कातरीने बारीक तुकडे केले.

५ जुलै

आता आकडे हवे होते. फोनमध्ये होकायंत्राचा सेन्सर असतो, तो फिफॉक्स नावाच्या मोफत अ‍ॅपमध्ये वाचता येतो (जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाचं अ‍ॅप आहे). पण तो पृथ्वीचं क्षेत्र मोजायला केलेला. आमच्या अंगणात, स्कूटरींपासून लांब, तो ४० मायक्रोटेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं माप) आसपास दाखवतो. चुंबक जवळ आणला की काही हजारांवर जाऊन अडकतो आणि पुढचं काही सांगत नाही.

म्हणून ४९ई हा तीन पायांचा हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र ओळखणारा सुटा भाग, घेतला. ५ व्होल्ट द्यायचे, मल्टिमीटर तिसऱ्या पायावर लावायचा. चुंबक नसताना अडीच व्होल्ट, चुंबक आला की आकडा वर किंवा खाली सरकतो, दर मिलिटेस्लाला साधारण १४ मिलिव्होल्ट. किंमत चहा-भजीएवढी. आधी तीन पेन्सिल सेलवर चालवला, आणि दर वेळी वेगळाच आकडा यायचा. सेल उतरत गेले की अडीचचा मधला बिंदूही खाली घसरतो, कारण या सेन्सरचा मधला बिंदू मिळणाऱ्या व्होल्टेजच्या निम्म्यावर असतो. जुन्या मोबाइल चार्जरची वायर कापून तिच्यावर जोडल्यावर आकडे स्थिर झाले.

मुख्य गोष्ट अशी. चुंबकीय पट्ट्या दोन जातींच्या. लो-को पट्टी सुमारे ३०० ओर्स्टेडला (चुंबकाच्या जोराचं दुसरं माप) पुसली जाते, म्हणजे हवेत ३० मिलिटेस्ला. हाय-को पट्टीला २७५० किंवा ४००० लागतात, म्हणजे नऊ-दहा पट किंवा त्याहून जास्त. लो-को बहुतेक तपकिरी दिसते, हाय-को काळी. हॉटेलच्या चाव्या बहुतेक लो-को असतात, कारण त्या रोज पुसून पुन्हा लिहायच्या असतात. बँकेची कार्डं बहुतेक हाय-को. या एका फरकात आमची अर्धी तक्रार आहे.

मल्टिमीटरचा आकडा अडीचपासून ०.४२ व्होल्ट सरकला (म्हणजे ३० मिलिटेस्ला) ही मी खूण धरली, तिच्या पलीकडे चावी मरते. अंतर मोजायला बाद कार्डांची चळत वापरली, एक कार्ड ०.७६ मिमी जाड असतं, त्यामुळे मोजपट्टी लागत नाही. रबरी होडी: चिकटवली तरी खुणेच्या आत, आणि चार कार्डांवर जवळजवळ शून्य. या रबरी चुंबकांवर उत्तर-दक्षिण ध्रुवांचे अरुंद पट्टे आलटून-पालटून असतात, म्हणून त्यांचा जोर लगेच विरतो. पर्सचं बटण: चिकटवल्यावर खुणेच्या बरंच पलीकडे. कव्हरातलं कडं: चिकटवल्यावर तेही पलीकडे, पण सात कार्डांवर, म्हणजे पाच मिलिमीटरच्या थोडं पुढे, खुणेच्या आत. ठोकळ्याजवळ सेन्सर टोकाला जाऊन थांबला, कारण तो १०० मिलिटेस्लाच्या पुढे मोजत नाही.

वेळेचा संबंध फारसा नाही. कड्यावर क्षणभर टेकवलेलं कार्ड आणि रात्रभर ठेवलेलं कार्ड, दोन्ही सारखीच गेली. घासल्याने मात्र फरक पडतो, कारण चुंबकाचा जोराचा भाग पट्टीच्या प्रत्येक जागेवरून फिरतो. खिशात, चालताना नेमकं तेच होतं.

१४ जुलै

पोरांनी विचारलं, मग फोनचं काय होतं? एक दिवस त्यासाठी दिला.

मेमरी, फोटो, सिम, यूपीआय: काही होत नाही. फोनची साठवण फ्लॅश मेमरीवर असते, तिथे विजेचा भार धरलेला असतो, चुंबकीय ठिपके नाहीत. ठोकळा फोनवर ठेवून क्यूआर स्कॅन करून पैसे पाठवले, गेले.

होकायंत्र मात्र बिथरतं. फेराइट हातभर लांब असतानाच सुई सरकायला लागते. नकाशावर आपली जागा बरोबर दिसते, कारण ती उपग्रहांवरून येते, पण निळा झोत भलतीकडे वळतो. आमच्याकडून भाड्याने स्कूटर नेणारे पाहुणे चुंबकाच्या होल्डरवर फोन लावतात आणि हरमलला जायचं तर पेडण्याच्या दिशेने निघतात, त्याचं कारण हे. गाडी चालू लागली की नकाशा हालचालीवरून दिशा ओळखतो, गोंधळ होतो तो उभ्या गाडीवर, तिठ्यावर. चुंबक काढला आणि फोन हवेत आठचा आकडा काढत फिरवला की ठीक होतं. पण होल्डरसाठी फोनच्या पाठीला जो लोखंडी पत्रा चिकटवतात, तो स्वतःच थोडा चुंबक बनतो आणि होल्डर काढल्यावरही सुई थोडी वाकडी ठेवतो. त्या पत्र्यामुळे वायरलेस चार्जिंगही धड होत नाही, पत्रा तापतो. आमच्या स्कूटरींवर आता चिमट्याचे होल्डर लावलेत.

कॅमेरा बघण्यासारखा होता. फोन स्टँडवर, कॅमेरा चालू, समोर माड. ठोकळा मागच्या लेन्सजवळ नेला तसं चित्र एका बाजूला झुकलं, थरथरलं, फोकस मागेपुढे धावू लागला. चुंबक दूर केला, सगळं जागच्या जागी. कॅमेऱ्यात लेन्स हलवायला छोटे चुंबक आणि कॉइल असतात, लेन्स स्थिर ठेवणारी यंत्रणाही त्याच जातीची. बाहेरचा चुंबक आला की तिला ओढ लागते. लेन्सभोवती चुंबकाची सजावट असलेली कव्हरं मिळतात, ती घेऊ नका.

रिसेप्शनचा टॅब्लेट नोंदणी करताना मधेच झोपायचा, त्याचाही उलगडा आजच झाला. फ्लिप कव्हर मिटलंय हे ओळखायला टॅब्लेटात हॉल सेन्सर असतो, आणि आम्ही टॅब्लेट ठेवायचो ब्लूटूथ स्पीकरवर. चुंबक जवळ आला की त्याला वाटायचं कव्हर मिटलं. स्पीकर हलवला, झालं. त्या टॅब्लेटवर दुरुस्तीवाल्याने याआधी ₹१,२०० घेतले होते, ते परत येणार नाहीत.

किनाऱ्यावर काम करणाऱ्यांसाठी आणखी एक. इअरबडच्या आणि फोनच्या स्पीकरच्या जाळीत काळी रेती जाऊन बसते, कारण आतला चुंबक मॅग्नेटाइट ओढतो. आवाज बसका येतो. टाचणी घालू नका, जाळी फाटते. चिकटपट्टी दाबून उचलायची, पुन्हा दाबायची.

२ ऑगस्ट

बँकेची कार्डं. बाद डेबिट कार्डावर कडंवालं कव्हर घासलं, पूड टाकली, रेघा जशाच्या तशा. पर्सचं बटण, तेच. निओडिमियमचा ठोकळा एकदाच हलक्या हाताने ओढला: जिथून तो गेला तिथल्या रेघा पुसट झाल्या, पूड ढगासारखी पसरली, आणि एका ठिकाणी ठोकळ्याच्या कडेचा ठसा जाड काळ्या रेषेत उमटला.

मग माझ्या चालू कार्डाची पट्टी मुद्दाम घालवली. पूड टाकून खात्री केली, पुसलं, आणि पेडण्याला किराणा घेताना तेच कार्ड दिलं. चिप घातली, पिन दाबला, बिल झालं. दुसऱ्या दुकानात नुसतं टेकवलं, तेही झालं. एटीएमनेही चिपवरूनच पैसे दिले. चिपमधली माहिती चुंबकावर नसते. भारतात रिझर्व्ह बँकेने नुसत्या पट्टीची कार्डं २०१८ च्या अखेरीपर्यंत बदलायला लावली, त्यामुळे इथल्या माणसाचं पट्टीवाचून अडत नाही. मास्टरकार्डने तर २०३३ पर्यंत आपल्या कार्डांवरून पट्टी काढून टाकायचं जाहीर केलंय. "चुंबकाने एटीएम कार्ड खराब झालं" असं म्हणत येणाऱ्याला मी आता आधी कार्डाची चिप साबणाच्या ओल्या फडक्याने पुसून कोरडी करायला सांगतो. खाऱ्या हवेने आणि सनस्क्रीनने तिच्यावर थर बसतो, आणि बरेचदा तेवढंच असतं.

११ ऑगस्ट

शेटनी तोडगा काढला: चावीसाठीच हाय-को कार्डं मागवू, म्हणजे कडं पुसू शकणार नाही. खोकं आलं, ₹६,००० गेले. आमचं लिहिणारं यंत्र त्यांच्यावर काही लिहीना. पूड टाकून पाहिलं तर पट्टी कोरी, अधूनमधून पुसट खुणा. यंत्राच्या हेडचा जोर लो-कोपुरताच आहे. जी पट्टी चुंबकाने सहज पुसत नाही, ती लिहायलाही तेवढाच जोर लागतो. विकणाऱ्याने यंत्राचं मॉडेल विचारलं नव्हतं, आणि उघडलेलं खोकं परत घ्यायला तो तयार नाही. हाय-को लिहिणारं यंत्र या कुलपांच्या कंपनीकडून आता मिळत नाही. कार्डं मागवण्याआधी एक नमुना मागवून लिहून बघा.

२० ऑगस्ट

आडोशाचे प्रयोग. ॲल्युमिनियमच्या फॉइलचं पाकीट: चावीला शून्य उपयोग, चुंबक फॉइलच्या आरपार जातो. बँकेचं कार्ड त्यात घातलं तर टेकवून पैसे देणं बंद पडतं, कारण फॉइल रेडिओ लहरी अडवतं. बिस्किटांच्या डब्याचं झाकण कापून केलेलं पाकीट: फेराइटचा जोर निम्म्याहून खाली आला. पण निओडिमियमसमोर पातळ पत्रा लगेच भरून जातो आणि उरलेलं क्षेत्र पलीकडे गळतं. शिवाय पत्र्याचं पाकीट फोनच्या कड्याला जाऊन घट्ट चिकटलं. ज्याच्यापासून लांब राहायचं त्यालाच बिलगलं, म्हणून ते रद्द.

पाच मिलिमीटर फोमचं पाकीट उत्तम चाललं. पण दोन्ही बाजूंना फोम म्हणजे जाडी सेंटीमीटरच्या वर, आणि ते कुठल्या पाहुण्याच्या खिशात जाणार? मावशीने सांगितलं, "ते लोक पाकीट खोलीत ठेवतात आणि कार्ड तेवढं काढून नेतात." तिच्या टोपलीत तशी पाकिटं सापडलीही.

९ सप्टेंबर

चवथीत काम बंद होतं, आता पुन्हा सुरू. मावशीच्या बोलण्यावरून दिशा बदलली: कार्ड झाकण्यापेक्षा ते फोनच्या कव्हरात शिरणारच नाही असं करायचं. तिचा भाऊ करवंटीची बटणं आणि दागिने करतो. त्याच्याकडून रुपयाच्या नाण्याहून मोठ्या चकत्या करून घेतल्या, ₹१५ ला एक, घासून तेल लावलेल्या. कार्डाला भोक पाडून चकती दोरीने लटकवली. आता ते ना कव्हरात मावतं, ना पर्सच्या कार्डाच्या कप्प्यात. हातात, गळ्यात किंवा खिशात राहतं.

भोकाची जागा महत्त्वाची. पट्टीच्या उलट बाजूला, आणि कार्डाचं जे टोक कुलपाच्या बाहेर राहतं त्याच टोकाला. पहिल्या खेपेची भोकं आत गेली होती, दोरी खाचेत अडकायची, ती कार्डं बाद झाली. काठापासून सहा मिलिमीटरवर पाडली की बसतं. साध्या कागदाच्या पंचने कार्ड तडकतं, लॅमिनेशनवाल्याकडचा आयकार्डचा पंच लागतो.

रिसेप्शनवर मराठी, कोंकणी, हिंदी, इंग्रजी आणि रशियनमध्ये एक ओळ लावली: चावी फोनला आणि पर्सच्या बटणाला टेकवू नका. खाली आणखी एक ओळ घातली, ती आमच्या कार्डापेक्षा मोलाची आहे. हृदयात पेसमेकर किंवा डिफिब्रिलेटर असेल तर चुंबकाचं कडं असलेला फोन शर्टच्या वरच्या खिशात ठेवू नका. अ‍ॅपल स्वतः १५ सेंटीमीटरहून जास्त अंतर सांगतं, आणि वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३०. या यंत्रांत डॉक्टरांसाठी म्हणून चुंबकाला दाद देणारी सोय मुद्दाम ठेवलेली असते, ती खिशातल्या फोननेही जागी होऊ शकते.

४ ऑक्टोबर

हंगामाचे पहिले पाहुणे आलेत. चकतीवाली कार्डं सगळ्या खोल्यांना दिली. या आठवड्यात एकच कार्ड मेलं. बाईंनी ते चकतीसकट पर्सच्या मोठ्या कप्प्यात टाकलं होतं आणि बटण नेमकं वर आलं. पुन्हा लिहून दिलं.

आतापर्यंतचा खर्च चुंबक, सेन्सर, पंच आणि चकत्या धरून ₹३,००० च्या आत. हाय-कोचं खोकं वेगळं, ते अजून कपाटात पडलंय. कुणाकडे हाय-को लिहिणारं यंत्र असेल तर अर्ध्या किमतीत देतो.

शेटनी रस्त्याकडच्या दोन खोल्यांना टेकवायची आरएफआयडी कुलपं बसवायला होकार दिलाय. नमुन्याचं कार्ड आलं, त्याच्यावर ठोकळा घासला, दार उघडलं. मात्र तेच कार्ड कड्यावर चिकटवून फोनसकट कुलपाला लावलं तर उघडत नाही. मागचं धातू लहर खाऊन टाकतं. फोनपासून सोडवून धरलं की लगेच उघडतं. या खोल्यांच्या कार्डांनाही चकती लावायची का, ते पहिला पाहुणा राहून गेल्यावर बघू.